तीन अध्याय, पंखा बंद करून

आईचा उजवा कान तपासून झाल्यावर डॉक्टर तिच्यासमोरच माझ्याशी बोलले, पण नेहमीच्या आवाजात, म्हणजे तिला काही ऐकू गेलं नसणार. डावा कान जाऊन बारा वर्षं झाली होती. उजवाही हळूहळू जाणार, किती दिवसांत ते सांगता येणार नाही. यंत्र लावून पाहा, थोडा उपयोग होईल. आणि त्यांच्याशी बोलत राहा, म्हणाले.

परतताना रिक्षात तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मला लपवाछपवी जमत नाही. तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन जे होतं ते सांगितलं. रिक्षा धाराशिवच्या बसस्थानकाशी आली तेव्हा ती म्हणाली, "मंग ऐकायचं राहिलंय ते ऐकून घ्यावं लागंल."

"काय राहिलंय?"

"शास्त्र. सगळं. या टोकापास्नं त्या टोकापतुर."

आमच्या घरात बायबलला 'शास्त्र' म्हणतात. आईला वाचता येत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजूच्या एका लहान गावात तिचं बालपण गेलं. तिथं महिन्यातून एकदा एक शिकलेल्या बाई बैलगाडीनं यायच्या, झाडाखाली बायकांना बसवायच्या आणि शास्त्र वाचून दाखवायच्या. गाडी जुंपली की त्या पुस्तक मिटायच्या, मग गोष्ट कुठंही असो. पुढच्या महिन्यात त्या दुसरंच काही उघडायच्या. लग्नानंतर दर रविवारी उपासनेत आई ऐकत आली, पण तिथंही त्या त्या दिवसाचा उतारा असतो. पंच्याहत्तर वर्षांत तिनं सगळं तुकड्यातुकड्यांनीच ऐकलं होतं.

आता माझं सांगतो. मी बावन्न वर्षांचा, ख्रिस्ती घरात जन्मलेला, दर रविवारी मंडळीत उपासनेला जाणारा. संपूर्ण शास्त्र मीही वाचलेलं नव्हतं. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा तिसऱ्या पुस्तकात, बलिदानांच्या नियमांपाशी, थांबलो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. कोणती गाडी कधी सुटली, किती उशिरा आली, कोणती फेरी रद्द झाली, हे लिहिणं आणि माईकवरून सांगणं हे माझं काम. त्यामुळं आईचं म्हणणं ऐकल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर वेळापत्रक. शास्त्रात सहासष्ट पुस्तकं, अध्याय एक हजार एकशे एकोणनव्वद. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच धरले तर आठवड्याला तेवीस होतात. एक्कावन्न आठवड्यांत एक हजार एकशे त्र्याहत्तर. उरले सोळा. म्हणजे बावन्नाव्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत पंधरा आणि शनिवारी एक. नव्या वर्षाचा पहिला दिवस सोमवारच होता. एका मोठ्या कोऱ्या तक्त्यावर मी एक हजार एकशे एकोणनव्वद चौकोन आखले, डाव्या कडेला तारखा लिहिल्या आणि तो आईच्या पलंगासमोरच्या भिंतीला लावला. चौकोन आखायलाच दोन संध्याकाळी गेल्या.

बायको म्हणाली, "एवढ्या वेळात दहा अध्याय झाले असते."

तिचं म्हणणं खरं होतं.

एका आठवड्यात माझी पहिली पाळी असते, पहाटे पाच ते दुपारी एक. पुढच्या आठवड्यात दुसरी, एक ते नऊ. पहिल्या पाळीला दुपारी साडेचार आणि दुसऱ्या पाळीला सकाळी आठ, अशा वाचनाच्या दोन वेळा ठरवल्या. पंखा चालू असला की आईला शब्द कळत नव्हते, नुसता घोगरा आवाज यायचा. म्हणून वाचनाआधी पंखा बंद करायचा, माझी खुर्ची तिच्या उजव्या बाजूला ओढायची आणि मोठ्यानं वाचायचं, अशी पद्धत पडली. माझ्या मुलीनं मोबाइलवर ध्वनिमुद्रित शास्त्र लावून कानाला जोडून दिलं होतं. आईनं एक दिवस ऐकलं आणि काढून ठेवलं. "त्यो माणूस चांगला वाचतोय," म्हणाली, "पर थांब म्हनलं तर थांबत न्हाय."

माझ्या मोठ्या आवाजाचा एक परिणाम मी धरला नव्हता. शेजारी तेर गावच्या एक मावशी राहतात. मुलाच्या नोकरीमुळं इथं आल्या, पण हात शेतातलेच. सदा काहीतरी निवडत ओट्यावर बसलेल्या असतात. आमची खिडकी त्यांच्या ओट्यावर उघडते. दुसऱ्या आठवड्यात मी बाहेर पडताना त्यांनी सुपातून मान वर केली.

"भाऊ, त्या भावांनी इकलेल्या पोराचं फुडं काय झालं?"

"उद्या आहे, मावशी."

"उद्या मला दवाखान्यात जायचंय. आत्ताच सांगा की."

मी तिथंच उभं राहून त्यांना पुढची गोष्ट सांगितली आणि त्या दिवशी कामावर सात मिनिटं उशिरा पोचलो.

जानेवारी चांगला गेला. लोक जिथं कंटाळतात, त्या देवाच्या मंडपाच्या मापांपाशी मला उलट मजा आली. एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरून मी सगळं काढलं. मंडप पंचेचाळीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. आमचं घर तीस बाय पंधरा.

"म्हणजे आपल्या घराच्या बरोबर दीडपट," मी आईला म्हणालो.

"देवाचं घर एवढंच होतं?" तिनं भिंतींकडं बघितलं. "बरं होतं की. झाडायला सोपं. चल फुडं."

ज्या बलिदानांच्या नियमांपाशी मी चारदा अडलो होतो, तिथं आई अडली नाही. कुठला अवयव जाळायचा, कुठला नाही, याबद्दल तिचे प्रश्न असायचे आणि बरेचसे मला न येणारे. फेब्रुवारीत ते पुस्तक संपलं तेव्हा मला वाटलं, आता काही अडचण नाही.

अडचण कामाची निघाली. मार्चअखेर एक सहकारी आजारी पडला आणि मला दोन्ही पाळ्या कराव्या लागल्या. मग चैत्रातल्या यात्रेच्या जादा गाड्या, मग लग्नसराई. त्यातच नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरेपर्यंत कुणी कुणाचं नसतं. एप्रिल संपला तेव्हा तक्त्याप्रमाणं तीनशे सत्त्याण्णव अध्याय व्हायला हवे होते. झाले होते दोनशे ऐंशी. एकशे सतरा मागं.

त्याच सुमाराला असं लक्षात आलं की आई मधूनच "काय?" म्हणते. जानेवारीत मी तिच्यापासून तीन फुटांवर बसून वाचत होतो. आता खुर्ची दोन फुटांवर आली होती. हे मी टेप लावून मोजलं. अंदाजावर माझा विश्वास नाही. मागं पडलेले अध्याय वाढत होते आणि अंतर कमी होत होतं. दोन्ही आकडे एकाच वेळी डोळ्यांसमोर यायचे.

मे महिन्यात मी रोज सहा-सात अध्याय वाचायला लागलो. उकाडा असा की पंखा बंद केल्यावर पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटायचा. सरासरी पाच मिनिटं लागणारा अध्याय मी साडेतीन मिनिटांवर आणला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आईंना वाचून दाखवताय का गाड्या पुकारताय?" मी तिकडं लक्ष दिलं नाही. फरक एकशे सतरावरून खाली येत होता, आणि मला तेवढंच दिसत होतं.

अशात राजांची पुस्तकं संपली. तीनशे अडतीस अध्याय झाले. पुढचं पुस्तक उघडलं, तर नऊ अध्याय नुसती नावं. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका. मी घड्याळ बघितलं, आईकडं बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. तिला या नावांतून काय मिळणार, असं मी मनाशी म्हणालो. आज वाटतं, मला काय मिळणार हा खरा प्रश्न होता: मला नऊ चौकोन मिळणार होते. मी पुस्तक मिटलं, लाल पेन घेतलं आणि तक्त्यावर नऊ खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी दहाव्या अध्यायापासून सुरुवात केली. पाच-सहा ओळी झाल्या असतील, आईनं हात वर केला.

"थांब. ह्यो मेला होता की."

"कोण?"

"पयला राजा. सोताच्याच तलवारीवर पडून. मागल्याच म्हयन्यात न्हाय का मेला?"

"हे दुसरं पुस्तक आहे, आई. तोच इतिहास परत सांगितलाय."

"परत सांगताना मेल्यापास्नं सुरुवात केली?"

मी पुस्तकाची पानं मागं उलटली. खिडकीबाहेर मावशींच्या सुपाचा आवाज थांबला होता.

"सुरुवात नावांपासून आहे," मी म्हणालो.

"किती?"

"नऊ अध्याय."

"वाचलेस तू?"

"नाही."

"कागदावर खुणा केल्यास?"

"केल्या."

आई रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती पदरानं मान पुसत राहिली. मग म्हणाली, "गाडीतनं यायच्या त्या बाई लई चांगल्या होत्या. पर मधीच म्हणायच्या, एवढं तुमाला कळायचं न्हाय, हे सोडू. आनि पानं उलटायच्या. त्या पानांवर काय होतं ते आमाला कवाच कळलं न्हाय. इचारावं तर काय इचारणार? काय सोडलं त्येच ठावं न्हाय." ती माझ्याकडं वळली. "कळंल का न्हाय ते मी बघीन. तू वाच."

तीस वर्षं मी एक गोष्ट चालकांना सांगत आलो आहे. गाडी उशिरा असली म्हणून फाट्यावरून सरळ जायचं नाही. गावात गाडी घालायची. एकच माणूस उभा असेल, कदाचित नसेलही, पण बघितल्याशिवाय कळत नाही. आमचे चालक घालतातही. आणि मी घरात बसून, वाचता येत असल्याच्या जोरावर, नऊ गावं सोडून आलो होतो. वाचणाऱ्यानं गाळलं तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तो राजा दुसऱ्यांदा मेला नसता तर आईलाही लागला नसता.

लाल पेन खोडता येत नाही. मी पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापली आणि त्या नऊ चौकोनांवर चिकटवून पुन्हा आखले.

बायकोनं ते बघितलं. "किती मागं आहात आता?"

"एक्याण्णव."

"कालची रद्द झालेली फेरी तुम्ही आज सोडता का?"

"नाही. आजच्या वेळेला आजची गाडी सुटते."

"मग हे काय चाललंय?"

"कान थांबणार नाहीत," मी म्हणालो.

"घाईत वाचलेलं त्यांना ऐकू तरी येतंय का? परवा त्या झोपल्या होत्या आणि तुम्ही वाचतच होतात. मी दारात उभी होते."

त्या संध्याकाळी मी कात्री घेऊन तक्त्याची डावी कड, जिच्यावर तारखा होत्या, ती सरळ कापून काढली. आता नुसते चौकोन राहिले. रोज तीन, रविवारी पाच. चुकला दिवस तो गेला. दुसऱ्या दिवशी सहा नाहीत, तीनच. उरलेले आठशे एक्कावन्न. त्याला तेवीसनं भागलं तर बरोबर सदतीस आठवडे, बाकी शून्य. मी असल्या योगायोगांत अर्थ शोधणारा माणूस नाही, पण बाकी शून्य आली की बरं वाटतं.

नावांचे ते नऊ अध्याय आम्ही तीन दिवसांत वाचले. काही नावं उच्चारताना माझी जीभ वळेना. तेव्हा थांबून पुन्हा म्हणायचो. आई मध्येच म्हणायची, "बायांची नावं लई कमी हायत." आणि सातव्या अध्यायात एक ओळ आली, एका बाईनं गावं बांधल्याची. आईनं मला ती पुन्हा वाचायला लावली.

"बाईनं?"

"हो. नाव दिलंय."

"एवढ्या वर्सांत कुणी सांगितलं न्हाय." ती खिडकीकडं वळून ओरडली, "ऐकलंव का? बाईनं गावं बांधली."

"ऐकलं, आक्का," बाहेरून मावशी म्हणाल्या. "अन् आमच्यात बाईच्या नावावर सात-बारा करायचा म्हनलं तर घरात भांडणं."

नवव्या अध्यायात द्वारपाळांची नावं होती. देवाच्या घराच्या दाराशी बसणारी माणसं. काही गावाकडून यायची आणि सात-सात दिवसांची पाळी करून परत जायची. मी वाचता वाचता थांबलो. मीही बसस्थानकाच्या फाटकाशेजारच्या खोलीत बसतो, आणि माझीही पाळी सात दिवसांनी बदलते.

"दाराशी बसणाऱ्यांचीबी नावं लिवली?" आईनं विचारलं.

"लिहिली."

"बघ," ती म्हणाली, एवढंच. हीच पानं मी सोडून गेलो होतो.

त्यानंतर गंमत अशी झाली की दिवस चुकणं कमी झालं. मागची भरपाई डोक्यावर नसल्यामुळं तीन अध्याय म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं काम राहिलं, आणि तेवढी मिनिटं जवळजवळ कुठल्याही दिवसात सापडतात. पाणी आलं तरी भांडी भरून झाल्यावर सापडतात. ही साधी गोष्ट कळायला मला साडेचार महिने आणि नऊ खोट्या खुणा लागल्या. पावसाळ्यात आम्ही स्तोत्रांत होतो. तिथं आई मागं राहायची नाही, पुढंच असायची. बरीच तिला पाठ होती. मी सुरुवात केली की ती शेवट म्हणायची आणि मी पानावर बोट ठेवून तपासायचो. एका ठिकाणी तिची ओळ चुकली. मी सांगितलं. ती म्हणाली, "पन्नास वर्सं मी अशीच म्हणतीय, देवानं चालवून घेतलंय."

अंतर मात्र कमी होतच होतं. दिवाळीत खुर्ची एका फुटावर आली. नाताळच्या सुमारास आम्ही नव्या करारात शिरलो तेव्हा मी पलंगावरच तिच्या शेजारी बसायला लागलो. यंत्र तिनं लावून बघितलं. वाचनाच्या वेळी ते शिट्टी मारायचं, म्हणून काढायची. फेब्रुवारीत तिनं स्वतःच एक रीत काढली. मी तिच्या कानाशी एक ओळ म्हणायची आणि तिनं ती मोठ्यानं परत म्हणायची. बरोबर आली तर पुढं, चुकली तर पुन्हा. म्हणजे तिला ऐकू आलं की नाही हे मला नक्की कळायचं. माझ्यासारख्या माणसाला ही रीत पटली. मावशी म्हणाल्या, "आता आमाला दोन-दोनदा ऐकू येतंय."

सदतीस आठवड्यांचं काम बेचाळीस आठवड्यांत झालं. शेवटचा दिवस रविवार होता. उपासनेहून आल्यावर जेवणं झाली, बायकोनं पंखा बंद केला आणि तीही पलंगाच्या पायथ्याशी बसली. पाच अध्याय उरले होते. शेवटचा अध्याय, जो एरवी पाच मिनिटांत झाला असता, त्याला तेवीस मिनिटं लागली. दोन ओळी चार-चार वेळा म्हणाव्या लागल्या. मी घाई केली नाही. शेवटचा शब्द आमेन. तो तिनं इतक्या मोठ्यानं म्हटला की बाहेर काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. बहुतेक सूप असावं.

"झालं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"काय सोडलं?"

मी तिच्या कानाशी गेलो. "काही नाही."

तिनं तक्त्याकडं बघितलं. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण रिकामा चौकोन दिसतो. वरपासून खालपर्यंत ती बघत गेली. चिकटवलेल्या पट्टीपाशी जरा थांबली, मग खाली गेली. मी उठून शेवटची खूण केली.

"बरं," ती म्हणाली. "आता पंखा लाव. उकडतंय."

सोमवारी माझी पहिली पाळी होती. दुपारी घरी आलो, जेवलो, जरा पडलो. जाग आली तेव्हा अंगाला घाम होता. पंखा बंद होता. वीज गेली असेल म्हणून बाहेरच्या खोलीत आलो, तर तिथला दिवा चालू. घड्याळात साडेचारला पाच कमी होते. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, उजवी बाजू मोकळी ठेवून. शेजारी शास्त्र आणि माझा चष्मा.

मी तिच्या कानाशी म्हणालो, "काल संपलं, आई."

"एकदा संपलं," ती म्हणाली. "पयल्या पानांवर माझा कान चांगला होता, पर तू लई भरभर वाचत होतास."

मी खिडकीतून बघितलं. मावशी सूप घेऊन जागेवर बसल्या होत्या. पहिला अध्याय आईला जवळजवळ पाठ आहे, तरी मी एक-एक ओळ म्हणालो आणि तिनं परत म्हटली. त्या दिवशी तीन झाले.